हाताला वाव

खाकी शर्टाच्या खिशात मावेल एवढीशी ती वही होती. दुधाचा हिशेब ठेवतात तशी, लाल पुठ्ठ्याची. मी नुकताच एका कारखान्यात नोकरीला लागलो होतो. आज ज्याला एचआर म्हणतात त्या खात्याला तेव्हा 'पर्सोनेल' म्हणायचे, तिथे. यंत्रशाळेच्या टोकाला तपासणीच्या टेबलावर पन्नाशीला टेकलेले एक इन्स्पेक्टर बसायचे. पुढ्यात पितळी बुशांचे ट्रे, हातात गेज. एकेक बुश उचलायचा, गेजची 'गो' बाजू आत गेली आणि 'नो-गो' अडली की उजवीकडच्या ट्रेमध्ये, नाहीतर लाल पेटीत. दिवसभर हेच. पण दर तासा-दोन तासांनी ते खिशातली वही काढायचे आणि दोन ओळी खरडायचे. तारीख, मशीनचा नंबर, पाळी कोणती, टूल कधी बदललं, कितव्या ट्रेपासून माप सरकायला लागलं. हे लिहायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारल्यावर म्हणाले, "टूल नवं असलं की चार ट्रेपर्यंत माल छान येतो, साहेब. पाचव्यापासून भोक आवळत जातं. माझं गेज त्याच्याआधी मला सांगतं, हाताला कळतं." मी तेव्हा पंचवीस वर्षांचाही नव्हतो आणि ते मला साहेब म्हणत होते, याचा मला संकोच वाटला होता.

पुढे एका गिऱ्हाईकाकडून अख्खा लॉट परत आला. बैठक बसली. सगळे एकमेकांवर ढकलत असताना त्यांनी खिशातून वही काढून टेबलावर ठेवली. दोष कुठे, कधी, कितव्या तासाला सुरू होतो ते सगळं त्या वहीत होतं. त्या बैठकीत त्यांना विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "हे लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि दुसरा : "माहीत होतं तर आधी का नाही बोललात?" त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवायचं ठरलं. ते पत्र मीच टाइप करून घेतलं, सही घेतली आणि त्यांच्या हातात नेऊन दिलं. दुसऱ्या दिवसापासून ते त्याच टेबलावर, त्याच गतीने काम करत राहिले. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या कामात कोणाला चूक काढता आली नाही. खिसा मात्र रिकामा होता.

माणूस कामाच्या जागी केव्हा फुलतो आणि केव्हा मिटतो, हा प्रश्न माझ्या मागे लागला तो त्या रिकाम्या खिशामुळे. पुढची तीसेक वर्षं कारखान्यांत, बँकांत, रुग्णालयांत आणि हल्ली संगणक कंपन्यांत हाच प्रश्न घेऊन फिरलो. सकारात्मक मानसशास्त्राशी माझी गाठ पडली ती या वाटेवर. या पुस्तकाचा विषय तोच आहे. पण विषयाचं नाव ऐकून वाचकाच्या मनात जे चित्र उभं राहील ते कदाचित माझ्या मनातलं नसेल, म्हणून ही लांबलेली प्रस्तावना.

सुरुवात, गंमत म्हणजे, आनंदापासून झालेली नाही. ती हताशेपासून झाली. १९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर हे दोन तरुण संशोधक कुत्र्यांवर प्रयोग करत होते. (आज असे प्रयोग वाचतानाही अंगावर काटा येतो.) काही कुत्र्यांना विजेचा झटका बसत असताना नाकाने फळी दाबून तो बंद करता येत होता. दुसऱ्या काहींना तेवढाच झटका बसे, पण त्यांनी काहीही केलं तरी तो थांबत नसे. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातले कुत्रे उडी मारून पलीकडे गेले. दुसऱ्या गटातले बहुतेक जागेवरच बसून राहिले. सुटकेची वाट समोर असताना ती वापरायची उमेदच उरली नव्हती. याला 'शिकलेली असहायता' हे नाव पडलं आणि पुढची पन्नास वर्षं ते पाठ्यपुस्तकांत राहिलं.

मग २०१६ मध्ये त्याच दोघांनी आपलाच सिद्धांत उलटा करून मांडला. मायर मधल्या काळात मेंदूविज्ञानाकडे वळले होते. त्यांना दिसलं ते असं : दीर्घ त्रासापुढे गप्प बसणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती उलट गोष्ट, आपल्या हाताने काही बदलतं ही जाणीव. ती एकदा आली की मेंदूचा पुढचा भाग त्या गप्प बसण्याला आवर घालतो. मी हा लेख वाचला तेव्हा बराच वेळ पुढे काही वाचलं नाही. कारण इतकी वर्षं आम्ही, म्हणजे व्यवस्थापनाच्या बाजूला बसणारे सगळेच, म्हणत आलो होतो की कामगार आळशी होत जातो, कर्मचारी निर्ढावत जातो. हे संशोधन सांगत होतं की निर्ढावणं ही पहिली पायरी आहे, तिथून माणसाला वर आणावं लागतं, आणि वर आणणारी गोष्ट एकच : मी हात लावला तर काहीतरी हलतं, हा अनुभव. आमच्या इन्स्पेक्टरना तो त्यांच्या वहीने दिला होता. आम्ही तो एका पत्राने काढून घेतला.

सेलिगमन १९९८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी आपल्या शास्त्राला जाहीरपणे विचारलं की आपण माणसाच्या दुखण्याचाच किती अभ्यास करणार? माणूस चांगला कशाने जगतो, याचा कधी करणार? २००० च्या जानेवारीत त्यांनी आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट'चा एक अंक याच विषयावर संपादित केला. 'सकारात्मक मानसशास्त्र' हा शब्दप्रयोग मात्र त्यांच्या आधीचा. अब्राहम मॅस्लो यांनी १९५४ मध्ये तो वापरला होता. पुढे कामाच्या जागेकडे हा विचार दोन वाटांनी आला. फ्रेड लुथान्स यांनी आशा, स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास, चिवटपणा आणि आशावाद या चार गोष्टींना 'मानसिक भांडवल' म्हटलं. मिशिगन विद्यापीठात किम कॅमेरॉन, जेन डटन आणि रॉबर्ट क्विन यांनी माणसाऐवजी संस्थाच कशी घडते, याकडे पाहिलं. मला दुसरी वाट जास्त जवळची वाटते. कारण भांडवल म्हटलं की ते कोणाच्या तरी खात्यावर जमा करावं लागतं, आणि कमी पडलं की दोष खातेदाराचा ठरतो.

चिक्सेंटमिहाय यांच्या एका अभ्यासाचा उल्लेख इथेच करायला हवा. त्यांनी आणि जुडिथ लफेव्र यांनी ७८ नोकरदारांना पेजर दिले. दिवसातून कधीही तो वाजे, आणि त्या क्षणी आपण काय करतोय, मन कुठे आहे, हे लिहून ठेवायचं. आव्हान आणि कसब दोन्ही भरपूर असण्याचे, माणूस पुरता रंगून जाण्याचे क्षण फावल्या वेळापेक्षा कामावर कितीतरी जास्त निघाले. आणि तरीही त्याच माणसांना कामावर असताना हे सोडून दुसरं काही करावंसं वाटत होतं. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तल्लीनता आहे, पण ती आपली वाटत नाही. काम आपल्याला रमवतं, पण ते आपण निवडलेलं नसतं, दुसऱ्याने लावलेलं असतं. ही दुखरी जागा लक्षात ठेवावी, पुढचं बरंच काही तिच्याभोवती फिरतं.

आता त्या नावाविषयी. 'सकारात्मक' या शब्दाचे आपल्याकडे फार हाल झाले आहेत. सकाळी सकाळी मोबाइलवर येणारे सुविचार, कंपनीच्या भिंतीवरचे सूर्योदय, 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणारे व्याख्याते. त्यातच २०२० मध्ये 'पॉझिटिव्ह' हा शब्द ऐकला की घरात रडारड व्हायची. विषयाचं नाव बदलणं माझ्या हातात नाही. पण या पुस्तकात मी शक्य तिथे एक जुना, साधा मराठी शब्द वापरला आहे : वाव. 'त्याच्या गुणांना तिथे वाव मिळाला नाही' असं आपण सहज बोलून जातो, आणि त्या एका वाक्यात या शास्त्राचं निम्मं सार असतं. आपल्या भाषेला कामाची नाडी नेमकी ठाऊक आहे. जीव ओतून काम करणारा आणि पाट्या टाकणारा यांच्यातला फरक सांगायला आपल्याला प्रश्नावली लागत नाही. फक्त आपण पाट्या टाकणाऱ्याला दोष देऊन थांबतो. त्याला पाटीच कशी दिली होती, हे पाहत नाही.

पाटी कशी दिली होती, हे पाहण्याचं एक फार चांगलं उदाहरण आपल्या शेजारचं आहे, आणि या शास्त्राला नाव मिळण्याच्या खूप आधीचं. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादला साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये आले. मिलने नवे स्वयंचलित माग बसवले होते. यंत्रं उत्तम, इंजिनियरांनी प्रत्येक कामाला लागणारा वेळ मोजून माणसं नेमलेली, आणि तरी उत्पादन वाढेना, खराब कापडाचं प्रमाण कमी होईना. गिरणगावात ज्याला साचेखातं म्हणत, तशा त्या एका शेडमध्ये २२४ माग होते आणि त्यांवर २९ माणसं बारा वेगवेगळ्या कामांत वाटलेली होती. कोणी विणकर, कोणी फक्त तुटलेले धागे जोडणारा, कोणी मागांतली बॉबिनांची बॅटरी भरणारा, कोणी तेल घालणारा, कोणी झाडणारा. प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या मागांची संख्या वेगळी. त्यामुळे एका विणकराच्या मागांवर जोडणारा एक, भरणारा दुसराच, आणि त्या भरणाऱ्याकडे आणखी कोणाचे तरी अर्धे माग. सगळे एकाच छताखाली होते, पण 'हे आपले माग' असं म्हणता येईल अशी दोन माणसंही तिथे नव्हती. धागा तुटला तर तो कोणाचा तुटला?

राइस यांनी सुचवलं ते इतकं साधं आहे की लिहितानाही संकोच वाटतो. कामगारांचे लहान गट करायचे आणि प्रत्येक गटाकडे ठरावीक मागांचा एक संच पूर्णपणे सोपवायचा. कल्पना कानावर पडताच कामगारांनी ती उचलून धरली आणि कोण कोणाबरोबर हे आपसात ठरवून गटही बनवले. उत्पादन वाढलं, खराब कापड घटलं. कोणाला हसायला शिकवलं नव्हतं, कोणाची मनोवृत्ती तपासली नव्हती. माग तेच होते, माणसंही तीच. बदलली ती कामाची मांडणी. एरिक मिलर यांनी १९७० च्या सुमारास पुन्हा पाहणी केली तेव्हा काही ठिकाणी जुनी पद्धत हळूहळू परतली होती आणि एका शेडमध्ये मात्र गट अजून टिकून होते. मला या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. दिलेला वाव जपावा लागतो, नाहीतर घाईगर्दीत, बाजाराच्या ताणात, एकेका लहान निर्णयाने तो पुन्हा आवळत जातो. अगदी पाचव्या ट्रेतल्या बुशासारखा.

वाव नेहमी वरूनच मिळतो असंही नाही. काही माणसं तो स्वतःच काढून घेतात. एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या सफाई कामगारांचा अभ्यास केला. एकाच प्रकारचं काम करणाऱ्या या माणसांत त्यांना दोन गट दिसले. काही जण म्हणत, आमचं काम म्हणजे फरशी पुसणं, कचरा उचलणं. दुसऱ्यांना विचारलं तर ते रुग्णांविषयी बोलायला लागत : कोणाला भेटायला कोणी येत नाही, कोणाशी दोन शब्द बोलावे लागतात, कोणाच्या नातेवाइकाला गाडीतळापर्यंत सोडावं लागतं. बेशुद्ध रुग्णांच्या कक्षातली एक कामगार भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलून लावत असे, न जाणो, नजरेसमोरचं काही बदललेलं त्यांना जाणवत असेल म्हणून. हे तिच्या कामाच्या यादीत नव्हतं. यालाच त्या दोघींनी २००१ मध्ये 'जॉब क्राफ्टिंग' म्हटलं. मी त्याला 'कामाला आपला हात लावणं' म्हणतो.

आपल्या रुग्णालयांत हे काम करणाऱ्या बाईला मावशी म्हणतात, वॉर्डबॉयला मामा. हे नातं आधीपासूनच जोडून दिलेलं असतं, आणि मला वाटतं काही मावशा ते नाव खरं मानून वागतात. माझी आई शेवटच्या आजारपणात तीन आठवडे एका रुग्णालयात होती. रात्री अकराच्या सुमारास एक मावशी फरशी पुसायला यायच्या. पलंगाखालून फडकं फिरवताना त्या आईच्या चपला बाजूला करायच्या आणि पुसून झालं की परत ठेवायच्या. तिसऱ्या-चौथ्या रात्री माझ्या लक्षात आलं, चपला त्या नुसत्या ठेवत नव्हत्या. पलंगावरून पाय खाली सोडला की बरोबर आत जावा अशा, अंगठा बाहेरच्या बाजूला करून, पलंगापासून वीतभर अंतरावर ठेवत होत्या. रात्री उठताना म्हातारं माणूस चप्पल शोधायला वाकतं आणि तिथेच पडतं, हे त्यांनी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं, पाहिलं होतं. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही फार जपता." त्या म्हणाल्या, "त्यात काय जपायचं? ठेवायच्याच आहेत तर नीट ठेवायच्या." त्यांना महिन्याला किती मिळत होते ते मी नंतर कळून घेतलं. तो आकडा इथे लिहायला मला लाज वाटते. त्या कंत्राटी होत्या, आणि त्या मजल्यावरून त्यांची बदली झाली तेव्हा त्या चपलांची रीत कोणी कोणाला सांगितली नाही. ती त्यांच्याबरोबर गेली.

आपलं काम कोणापर्यंत पोचतं हे त्या मावशींना रोज रात्री दिसत होतं. बहुतेकांना ते कधीच दिसत नाही. अॅडम ग्रँट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच मुद्द्यावरचा आहे. एका विद्यापीठासाठी माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागणारी माणसं होती. नकार ऐकायचं काम, दिवसभर. त्यांतल्या काहींना त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाच मिनिटं बोलायला मिळालं. महिनाभरानंतर त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी वाढला होता आणि मिळवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी. ज्यांची भेट झाली नाही त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पाच मिनिटांत ना पगार वाढला होता, ना काम सोपं झालं होतं.

मला यावरून खंडेनवमी आठवते. आमच्या कारखान्यात त्या दिवशी मशीन धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालायचे आणि दुपारी घरच्यांना आत यायची परवानगी असायची. वर्षभर मान खाली घालून काम करणारा एखादा ऑपरेटर तेव्हा आपल्या मुलीला मशीनपाशी नेऊन सांगायचा, हे बटण दाबलं की काय होतं, हा पार्ट कुठल्या गाडीत बसतो, आपण गावाला जातो त्या एसटीत असला एक असतो. मुलगी त्या पार्टकडे आणि मग बापाकडे ज्या नजरेने बघायची, ती नजर त्याला पुढचे किती महिने पुरत असेल? हे आपल्या परंपरेत होतंच. आता बऱ्याच ठिकाणी सुरक्षेचं कारण सांगून घरच्यांना आत सोडत नाहीत, आणि संगणकावर काम करणाऱ्याला तर माळ घालायलाही काही दाखवण्याजोगं नसतं. हिंजवडीतल्या एका तरुणाने मला सांगितलं होतं, "सर, चार वर्षं मी जे मॉड्यूल लिहितोय ते वापरणारा एकही माणूस मी पाहिलेला नाही." त्याला दर तिमाहीला एक प्रेरणादायी व्याख्यान ऐकवत होते. त्याला त्या पाच मिनिटांची गरज होती.

एमी एडमंडसन यांचं काम या पुस्तकात एका स्वतंत्र प्रकरणात आलं आहे, पण त्याची सुरुवात इथे सांगतो, कारण ती आमच्या वहीशी जोडलेली आहे. रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांत औषध देताना किती चुका होतात, हे त्या पाहत होत्या. चांगल्या, एकदिलाने काम करणाऱ्या गटांत चुका कमी असतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत चुका जास्त. बारकाईने पाहिल्यावर उलगडलं की त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. दुसरीकडे त्या झाकल्या जात होत्या. यातून 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना पुढे आली. १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधात ती नीट मांडली आहे. आपल्याकडे 'साहेबांच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये' हे नोकरीला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ऐकवतं. ज्या कार्यालयात ही म्हण खरी असते, तिथे चुकांची नोंदवही अगदी स्वच्छ असते. अशी स्वच्छ वही पाहिली की मला भीती वाटते. 'हे लिहायला कोणी सांगितलं' या प्रश्नाऐवजी 'आणखी काय काय लिहिलंय, दाखवा' एवढं जरी त्या बैठकीत कोणी म्हटलं असतं तरी किती वर्षांचं शहाणपण त्या टेबलावर उघडं झालं असतं.

आशेविषयीही आपली एक समजूत तपासायला हवी. 'इच्छा तेथे मार्ग' असं आपण लहानपणापासून ऐकतो. सी. आर. स्नायडर यांनी आशेचा आयुष्यभर अभ्यास केला आणि त्यांना इच्छा आणि मार्ग या दोन वेगवेगळ्या गोष्टी आढळल्या. जिद्द भरपूर आहे पण पुढची पायरी दिसत नाही, अशा माणसाला आशावान म्हणता येत नाही, तो फक्त तडफडतो. कामाच्या जागी इच्छा माणूस घेऊन येतो. मार्ग दाखवणं, निदान त्यातला दगड बाजूला करणं, हे वरच्याचं काम आहे. एखादी अडकलेली परवानगी, एक नादुरुस्त प्रिंटर, महिनोन्‌महिने न भरलेलं एक पद. मी पाहिलेल्या बहुतेक निराश माणसांच्या निराशेच्या तळाशी अशी एखादी साधी, दुरुस्त होण्याजोगी गोष्ट होती.

या विषयात जे चुकलं आहे तेही इथेच सांगायला हवं, कारण वाचकाला त्याच गोष्टी विकायला लोक टपलेले असतात. २००५ मध्ये बार्बरा फ्रेडरिकसन आणि मार्सियल लोसाडा यांनी एक आकडा मांडला : चांगल्या आणि वाईट भावनांचं प्रमाण २.९०१३ च्या वर गेलं की माणूस किंवा गट बहरतो. चार दशांश स्थळांपर्यंतचा आकडा! जगभरच्या प्रशिक्षणांत तो 'तिनास एक' म्हणून पोचला. २०१३ मध्ये निक ब्राउन, अॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी दाखवून दिलं की त्यामागचं गणित निराधार आहे, आणि तो गणिती भाग मागे घ्यावा लागला. ब्राउन तेव्हा पन्नाशी ओलांडून पुन्हा शिकायला बसलेले एक विद्यार्थी होते, त्यांना वर्गात शिकवलेलं ते गणित पटेना एवढंच निमित्त. आनंदाचं असं वजनकाट्यावर माप कोणी देऊ लागलं की सावध व्हावं. फ्रेडरिकसन यांची मूळची मांडणी, की चांगल्या भावना माणसाची नजर रुंदावतात, तिचा विचार मी या आकड्यापासून वेगळा काढून केला आहे.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते. आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं की विमानातल्या परिचारिकेला हसण्याचाही पगार दिला जातो, आणि मनात नसलेलं हसू दिवसभर चेहऱ्यावर धरून ठेवण्याचे श्रम माणसाला आतून झिजवतात. काउंटरवरचा कर्मचारी, कॉल सेंटरमधली मुलगी, मॉलमधला विक्रेता यांच्याकडून हे श्रम आपण रोज घेतो. सकारात्मकतेच्या नावाने त्यात आणखी भर पडणार असेल तर हे शास्त्र नसलेलं बरं. २०२४ मध्ये विल्यम फ्लेमिंग यांचा ब्रिटनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी. ताण हाताळण्याचे वर्ग, ध्यानाची अॅप्स, तंदुरुस्तीचे कार्यक्रम असे एकेका व्यक्तीला 'सुधारणारे' उपाय घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी केली, तेव्हा त्यांचं मनःस्वास्थ्य अधिक चांगलं असल्याचं दिसलं नाही. मला यात आश्चर्य वाटलं नाही. अहमदाबादच्या त्या २९ जणांना कोणी प्राणायाम शिकवला असता तर धागे तुटायचे थांबले असते का? जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद घेताना त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागेशी जोडलेली घटना म्हटलं आहे. कुठे पाहायचं, ते त्या शब्दांतच आहे.

आणि पगाराचं काय? वेळेवर आणि पुरेसा पगार, रजा, बसायला खुर्ची, बायकांसाठी स्वच्छ शौचालय, उद्या नोकरी असेल याची खात्री. या गोष्टी नसतील तर या पुस्तकातलं एकही प्रकरण तिथे वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सहा महिन्यांच्या कंत्राटावर राबणाऱ्या माणसाला कृतज्ञतेची डायरी देणं हा त्याचा अपमान आहे. आधी त्याचं कंत्राट पाहा.

कृतज्ञतेवरून एक आणखी. परदेशी पुस्तकांत कर्मचाऱ्यांचे शब्दांत आभार मानायला सांगितलेलं असतं. आपल्याकडे जवळच्या माणसाने आभार मानले तर 'परकं करू नका' म्हणतात. आपल्या भाषेत कदर दुसऱ्या वाटेने येते. "काल तुम्ही उशिरापर्यंत थांबला होतात ना, पोचलात किती वाजता?" या एका प्रश्नात आभारांपेक्षा जास्त काही आहे, कारण त्यात पाहिल्याचा पुरावा आहे. पाठीवरची थापही पाठ पाहिल्याशिवाय देता येत नाही. या पुस्तकातले सराव मी शक्य तितके अशा आपल्या बोलण्यावागण्यात बसवून घेतले आहेत. जे बसले नाहीत ते सोडून दिले.

पुस्तक कोणासाठी, तर ज्यांच्या हाताखाली निदान एक माणूस आहे अशा प्रत्येकासाठी. मुख्याध्यापक, बँकेचा शाखाधिकारी, डेपोचा आगारप्रमुख, वॉर्डच्या सिस्टर इन्चार्ज, चार मुलांना कामाला ठेवणारा गॅरेजवाला. प्रकरणं क्रमाने वाचावीत असं नाही. ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी कामाच्या मांडणीवरचं तिसरं आणि चुका बोलण्यावरचं पाचवं प्रकरण आधी वाचावं. बाकीचं सवडीने.

शेवटची सोळा पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत, रेघा मारलेली. ती सुटी करून दुमडली की खिशात मावतात. त्यांवर आपल्या खात्यातल्या कोणाला काय माहीत आहे आणि ते त्याला कधीच का विचारलं नाही, हे लिहायचं आहे. तारीख घालून, पाळी लिहून, कितव्या ट्रेपासून माप सरकायला लागलं तेही.